जुन्या आजाराची नोंद नव्या गाठीच्या कागदावर हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत मूत्राशयाच्या कर्करोगाविषयी नुकताच आलेला लेख वाचला. लघवीतून वेदनेशिवाय रक्त जाणे हे या आजाराचे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे लक्षण आहे, जवळपास निम्म्या रुग्णांत त्याचे मूळ धूम्रपानात सापडते आणि निदान वेळेवर झाले तर दुर्बिणीतून गाठ खरवडून काढून मूत्राशय वाचवता येते, हे सारे त्यात नेमकेपणाने मांडले होते. मात्र हा आजार पुढे शरीरात कुठे पसरतो याबद्दल लेखात एवढेच होते की तो फुप्फुसे, यकृत आणि हाडे यांत जातो. यात चूक काही नाही. तरीही गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात सारी नोकरी घालवलेल्या माझ्यासारखीला ते अपुरे वाटले, कारण या तीन ठिकाणांबाहेर उद्भवलेली गाठ ओळखण्यातच आपल्याकडे फार उशीर होतो आणि तो उशीर बऱ्याचदा टाळता येण्याजोगा असतो. म्हणून हे पत्र. ते थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आधी नेहमीची वाट पाहू. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरात सुरू झालेला कर्करोग जोवर त्या अस्तरात आणि त्याखालच्या पातळ थरात असतो, तोवर तो सहसा इतरत्र जात नाही. निदानाच्या वेळी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्ण याच अवस्थेत असतात. तो मूत्राशयाच्या जाड स्नायूत शिरला की रसवाहिन्या आणि रक्तवाहिन्या त्याला मोकळ्या होतात. मग ओटीपोटातल्या रसग्रंथी (लिम्फ नोड), तिथून पोटातल्या महारोहिणीच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथी आणि कधीकधी छातीतल्या मुख्य रसवाहिनीच्या मार्गाने थेट डाव्या कॉलर बोनच्या वरची ग्रंथी, असा त्याचा प्रवास होतो. पसरलेल्या आजाराने दगावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनांत रसग्रंथी बहुतेकांच्या, यकृत आणि फुप्फुसे जवळपास निम्म्यांची आणि हाडे सुमारे एक तृतीयांश रुग्णांची बाधित आढळली आहेत. उरलेल्या ठिकाणांची यादी मात्र लांबत जाते : मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी, आतड्यावरचे आवरण, मेंदू आणि त्याची आवरणे, हृदयाचे आवरण, त्वचा, मांडीचे आणि खांद्याचे स्नायू, जबड्याचे हाड, डोळ्याच्या आतला पडदा, थायरॉइड, शिश्न, वृषण, पायाच्या बोटांची हाडे. यांतले बहुतेक ठिकाण एकेकटे घेतले तर दुर्मीळच ठरते आणि म्हणूनच पाठ्यपुस्तकात त्याला एखादी ओळ मिळते. परंतु सगळी दुर्मीळ ठिकाणे एकत्र धरली तर ती एखाद्या व्यस्त प्रयोगशाळेच्या टेबलावर अधूनमधून येतच राहतात.

कर्करोग असा आडवळणाने का जातो, हा प्रश्न वैद्यकशास्त्राला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पडलेला आहे. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनांच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रक्त तर सगळीकडेच जाते. मग यकृतात गाठी इतक्या आणि प्लीहेत इतक्या कमी का, असे त्यांनी विचारले आणि उत्तरादाखल बी आणि जमीन यांची उपमा दिली : बी चहूकडे पडते, उगवते मात्र मानवेल त्याच जमिनीत. ही उपमा आजही टिकून आहे. आपल्या शरीरातल्या स्नायूंचे वजन इतके आणि त्यांना मिळणारे रक्तही इतके असूनही तिथे कर्करोगाची गाठ क्वचितच वाढते. स्नायूंचे सततचे आकुंचन, त्यांतल्या रक्तप्रवाहाचे चढउतार आणि तिथे तयार होणारे लॅक्टिक आम्ल ही त्याची कारणे असावीत असे मानले जाते.

दुसरे उत्तर शरीररचनेच्या अभ्यासातून आले. फिलाडेल्फियाचे शरीररचनाशास्त्रज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी १९४० साली शवांच्या शिश्नावरील शिरेत एक्स-रेमध्ये दिसेल असे द्रव्य टोचले आणि ते कुठे जाते हे पाहिले. ते ओटीपोटातून हृदयाकडे जाण्याऐवजी पाठीच्या कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात शिरले. या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे त्यांतले रक्त कुठल्याही दिशेने वाहू शकते. खोकला, शिंक, शौचाच्या वेळी दिलेला जोर किंवा उचललेले ओझे यांनी पोटातला दाब वाढला की ओटीपोटातले रक्त या जाळ्यातून वर ढकलले जाते आणि हे जाळे थेट कवटीपर्यंत पोचते. मूत्राशयातली पेशी यकृत आणि फुप्फुस यांना वळसा घालून मणक्यात, कवटीत किंवा जबड्यात कशी पोचते, याचा बराचसा उलगडा इथे होतो. फुप्फुसांचा स्कॅन स्वच्छ आला म्हणून बाकी शरीर स्वच्छच असणार, असे रुग्णाला सांगितले जाते तेव्हा मला या प्रयोगाची आठवण होते.

आता प्रत्यक्षात काय घडते ते सांगते. प्रयोगशाळेत तुकडा येतो तो फॉर्मेलिनच्या छोट्या बाटलीत, आणि बाटलीला रबरबँडने बांधलेला असतो तो तपासणीचा फॉर्म. त्यावर रुग्णाचे नाव, वय, डॉक्टरांची सही आणि ‘माहिती’ असा एक रकाना. मला आठवणाऱ्या एका फॉर्मवर त्या रकान्यात दोनच शब्द होते : ‘गाठ, मांडी’. रुग्ण साठी ओलांडलेला. मांडीच्या आत खोलवर दुखणारी सूज होती, वरची कातडी गरम होती. गळू समजून तिला चिरा दिला गेला होता, पू फारसा निघाला नव्हता, प्रतिजैविके देऊन झाली होती आणि जखम भरत नाही म्हणून शेवटी कडेचा तुकडा पाठवलेला होता. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर स्नायूंच्या गुलाबी तंतूंमध्ये घुसलेले मोठ्या, बेढब केंद्रकांच्या पेशींचे पुंजके दिसत होते. कर्करोग आहे हे सांगायला एक मिनिटही लागले नाही. तो कुठला, हे मात्र नुसत्या त्या काचेवरून सांगता येत नव्हते. फुप्फुस, घशाचा भाग, मूत्राशय, काहीही असू शकले असते. फोन करून नातेवाइकांना विचारले, तेव्हा मुलगा सहज म्हणाला, ‘‘बाबांची लघवीची पिशवी दोन वर्षांपूर्वी काढली आहे, पण त्याचा मांडीशी काय संबंध?’’ जुन्या शस्त्रक्रियेतला तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ठोकळा मागवला, दोन्ही काचा शेजारी ठेवल्या, विशेष रंगद्रव्यांच्या चाचण्या केल्या. मूत्राशयाच्या अस्तराच्या पेशींत सापडणारे गाटा-३ हे प्रथिन केंद्रकांत तपकिरी रंगाने उमटले आणि उत्तर मिळाले.

मुलाच्या त्या प्रश्नात काही गैर नव्हते. पिशवी काढली म्हणजे आजार काढला, अशी त्या घराची समजूत होती आणि ती तशी होईल असेच त्यांना सांगितले गेले असावे. परंतु चिरा देणाऱ्यानेही ‘पूर्वी कुठली शस्त्रक्रिया झाली आहे का’ हे विचारले नव्हते, किंवा विचारले असले तरी कागदावर उतरवले नव्हते, आणि त्या एका कोऱ्या जागेपायी रुग्णाचे कित्येक आठवडे गेले. मूत्राशय काढल्यानंतर आजार उलटायचा असेल तर तो बहुतेकांत पहिल्या दोन वर्षांतच उलटतो. पाच वर्षांनंतर उलटल्याची उदाहरणेही आहेत. तेव्हा ‘ते तर जुने दुखणे’ असे म्हणण्याची मुभा रुग्णालाही नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

आपल्याकडे या उशिराला आणखी एक कारण आहे आणि ते म्हणजे क्षयरोग. मानेत गाठ आली, मणका झिजलेला दिसला, फुप्फुसाच्या आवरणात पाणी झाले की टीबी मनात येणे स्वाभाविकच आहे, कारण आपल्या देशात त्या रोगाचे प्रमाणच तसे आहे. तक्रार आहे ती तुकडा न तपासता टीबीच्या गोळ्या सुरू करण्याबद्दल. मूत्राशयाच्या कर्करोगाचा इतिहास असलेल्या माणसाच्या डाव्या कॉलर बोनवर गाठ आली, तर ती टीबीची असू शकते, परंतु ती ओटीपोटातून वर आलेल्या कर्करोगाची असण्याचीही तितकीच दखल घ्यायला हवी. मणक्याच्या बाबतीत एक खूण उपयोगी पडते : टीबी बहुधा दोन लगतचे मणके आणि त्यांच्यामधली चकती असे दोन्ही खातो, तर कर्करोग मणका पोखरतो पण चकती बऱ्याचदा शाबूत ठेवतो. एमआरआय वाचताना ही खूण पाहिली जातेच, मात्र ती शंभर टक्के भरवशाची नाही. हल्ली पेट-सीटी करून घेण्याकडे कल आहे. पण त्यात वापरले जाणारे किरणोत्सारी ग्लुकोज टीबीच्या गाठीतही चमकते आणि कर्करोगाच्या गाठीतही. शिवाय ते लघवीवाटे बाहेर पडत असल्याने मूत्राशय स्वतःच उजळून निघते आणि तिथली मूळ गाठ त्यात झाकली जाऊ शकते. थोडक्यात, महागडा स्कॅन झाला तरी सुईने किंवा चिऱ्याने काढलेल्या तुकड्याची गरज संपत नाही.

इथे एक गुंतागुंत अशी की मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगावर क्षयरोगाचीच लस औषध म्हणून दिली जाते. कॅनडातले डॉ. अल्व्हारो मोरालेस यांनी १९७६ साली बीसीजीचे जिवंत जंतू नळीवाटे मूत्राशयात सोडण्याची ही पद्धत प्रसिद्ध केली आणि आजही तिच्याइतका चांगला उपाय त्या अवस्थेसाठी क्वचितच सापडतो. पण हे दुर्बल केलेले जंतू क्वचित रक्तात शिरून मणक्यात, यकृतात किंवा रसग्रंथीत खरोखरच क्षयासारख्या गाठी तयार करतात. म्हणजे बीसीजी घेतलेल्या रुग्णाच्या मणक्यातला डाग कर्करोगाचा, नेहमीच्या टीबीचा किंवा या लसीतल्या जंतूचा, यांपैकी कुठलाही असू शकतो, आणि तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. लसीतल्या जंतूवर तर टीबीच्या नेहमीच्या औषधांपैकी पायराझिनामाइड चालतच नाही. तुकड्याचा एक भाग पॅथॉलॉजीला आणि दुसरा जंतूंच्या कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीला, पाठवल्याशिवाय यातून मार्ग निघत नाही. सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये बुडवला की कल्चर करता येत नाही, एवढे साधे भान शस्त्रक्रियागृहात राखले तरी पुष्कळ आहे.

काही ठिकाणे अशी आहेत की तिथे रुग्ण चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो. खालच्या जबड्यात गाठ वाढली की हनुवटीला आणि खालच्या ओठाला बधिरपणा येतो, कारण तिथली संवेदना नेणारी नस जबड्याच्या हाडातूनच जाते. रुग्ण दंतवैद्याकडे जातो, हलणारा दात काढला जातो आणि खाच महिनोन्‌महिने भरत नाही. मार लागलेला नाही, दाढेचे दुखणे नाही आणि हनुवटीचा अर्धा भाग बधिर झाला आहे, अशी तक्रार घेऊन आलेल्याला पूर्वी कर्करोग झाला होता का, हे दंतवैद्याने विचारलेच पाहिजे. पायाच्या बोटांच्या हाडात गाठ गेली तर सुजलेले, लाल बोट घेऊन माणूस गाउटच्या किंवा मधुमेहाच्या दवाखान्यात पोचतो. हाताच्या बोटांत उतरणारी गाठ बहुधा फुप्फुसातली असते, तर पायाच्या बोटांत उतरणाऱ्या गाठींत मूत्रमार्गातल्या आणि आतड्यातल्या कर्करोगांचा वाटा मोठा असतो. शिश्नाच्या गाठीबद्दल तर कोणी बोलतच नाही. इतर अवयवांतून शिश्नात उतरणाऱ्या कर्करोगांत मूत्राशय आणि प्रोस्टेट हे दोघे आघाडीवर आहेत. तिथे कठीण गाठी लागतात, कधी इच्छेशिवाय आणि वेदनेसह ताठरता येते व ती उतरत नाही. वयस्कर पुरुष ही तक्रार मुलाला सांगत नाही, सुनेला सांगण्याचा तर प्रश्नच नाही, आणि डॉक्टरांपुढेही ‘खाली थोडे दुखते’ एवढ्यावर आवरते घेतो. तपासणाऱ्याने आपणहून विचारले तरच ती बाहेर येते.

आणखी एक वाट माणसाच्या हातांनी तयार होते. मूत्राशयाच्या अस्तराच्या पेशींना जखमेत रुजण्याची खोड आहे. दुर्बिणीने पोटातून शस्त्रक्रिया करताना नळ्या घालण्यासाठी पाडलेल्या छिद्रांच्या जागी नंतर त्वचेखाली गाठ आल्याची उदाहरणे जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, म्हणूनच काढलेला अवयव पिशवीत बंद करून बाहेर आणण्याची आणि मूत्राशय न फाडण्याची दक्षता शल्यचिकित्सक घेतात. रक्ताच्या गुठळ्यांनी लघवी अडलेल्या रुग्णाला ओटीपोटातून सुई घालून नळी बसवणे हा घाईच्या वेळचा सोपा उपाय असतो. पण आत गाठ असण्याची शंका असेल तर तो शक्यतो टाळावा, कारण त्या नळीच्या वाटेवरच पुढे पोटाच्या भिंतीत गाठ रुजू शकते. नेहमीच्या मार्गाने जाड नळी घालून गुठळ्या धुऊन काढणे कष्टाचे असले तरी बरे.

या आजाराच्या काही उपप्रकारांची चालच निराळी असते. त्यांपैकी एकाच्या पेशी अस्थिमज्जेत असणाऱ्या, प्रतिपिंडे तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींसारख्या दिसतात. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन त्यांनी गमावलेले असते आणि त्याच्या जनुकातला हा बिघाड २०१६ साली स्पष्टपणे दाखवून दिला गेला. सुटलेल्या या पेशी गाठ न करता थरांमधून पाझरत जातात : गुदाशयाभोवती कडे करून शौचाचा मार्ग आवळतात, आतड्यांवरच्या आवरणावर पसरतात, आणि स्कॅनमध्ये दाखवण्याजोगे काहीच सापडत नाही. बद्धकोष्ठता आणि पोट फुगणे यांवर चूर्णे घेत राहिलेल्या रुग्णात ही शक्यता कुणाच्या ध्यानात येणार? पॅथॉलॉजिस्टसाठीही हा प्रकार सापळाच आहे, कारण प्लाझ्मा पेशींची खूण म्हणून वापरली जाणारी सीडी-१३८ ही चाचणी त्यातही सकारात्मक येते. हाडातल्या तुकड्यावर तेवढी एकच चाचणी करून मायलोमा, म्हणजे प्लाझ्मा पेशींचाच कर्करोग, म्हणणे सोपे असते. मूत्राशयाची जुनी नोंद समोर असली तर दुसरी चाचणी करण्याची बुद्धी होते.

याउलट मूत्राशयाच्या ज्या कर्करोगाचे मूळ परोपजीवी कृमीत असते, तो दूर फारसा जात नाही. इजिप्तमध्ये नाईलच्या कालव्यांत काम करणाऱ्या शेतकऱ्यांना होणारा बिल्हार्झिया हा रोग तिथे मूत्राशयाच्या कर्करोगाचे मोठे कारण होता; त्यातून होणारा कर्करोग जागच्या जागी प्रचंड वाढतो आणि तिथेच माणसाला संपवतो, दूरच्या अवयवांत तुलनेने क्वचित पोचतो. आपल्या वाचकांना कदाचित आश्चर्य वाटेल, पण मूत्रमार्गातल्या या बिल्हार्झियाची लागण भारतात जिथे स्थानिक म्हणून नोंदवली गेली, ते गाव रत्नागिरी जिल्ह्यातले गिमवी आहे. गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ साली ती नोंद केली. आज आपल्याकडे दिसणारा मूत्राशयाचा कर्करोग मात्र बहुतांशी विडी-सिगारेटच्या वाटेने येणारा, अस्तराच्या पेशींचाच असतो, आणि तोच दूरवर जाणारा आहे.

‘एकदा पसरल्यावर नेमका कुठे पसरला याने काय फरक पडतो?’ हा प्रश्न मला सुशिक्षितांकडूनही ऐकायला मिळाला आहे. फरक पडतो. १९८५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये चार औषधांची एकत्र केमोथेरपी या आजारावर प्रभावी ठरू लागली, तोवर पसरलेल्या रुग्णाला देण्याजोगे फारसे काही नव्हते. त्या केमोचा एक अनपेक्षित परिणाम असा की पोटातल्या आणि फुप्फुसातल्या गाठी विरघळलेले काही रुग्ण पुढे मेंदूतल्या गाठींनी किंवा मेंदूच्या आवरणांत पसरलेल्या आजाराने परत येऊ लागले, कारण ही औषधे मेंदूत नीट पोचत नाहीत. मेंदूचा एमआरआय प्रत्येकाला नेमाने केला जात नाही आणि तशी गरजही नसते. पण केमोनंतर बरे वाटत असलेल्या माणसाची चाल अडखळू लागली, बोलण्यात गोंधळ होऊ लागला, सकाळी उठताच डोके दुखून उलटी होऊ लागली, तर ते वयाचे किंवा अशक्तपणाचे म्हणून सोडून देऊ नये. अलीकडे औषधांची आणखी एक पिढी आली आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ८८६ रुग्णांवरच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही जोडी घेणाऱ्यांचे उपचारानंतरचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ३१.५ महिने भरले, तर नेहमीची केमो घेणाऱ्यांचे १६.१ महिने. किंमत पाहता ही औषधे आपल्याकडच्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहेत, हे मी लपवत नाही. तरीही साध्या केमोचा, एकट्या गाठीवरच्या किरणोपचाराचा किंवा ठिसूळ मणका कोसळण्याआधी त्याला आधार देण्याचा लाभ मिळायचा असेल, तर ती गाठ मूत्राशयातूनच आलेली आहे हे आधी सिद्ध व्हावे लागते. मणका कोसळून पाय लुळे पडल्यानंतर अचूक निदान हाती येऊन रुग्णाला कितीसा उपयोग?

या विषयावर आकडे फार थोडे आहेत, तेही समजून घेतले पाहिजे. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून चालू आहे, बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून. दोन्हींनी मोलाचे काम केले आहे. पण अशी नोंदणी कर्करोग कुणाला, कुठल्या अवयवात झाला हे मोजते; तो तीन वर्षांनी जबड्यात गेला की मांडीत, हे तिच्या कामात बसत नाही. त्यामुळे अनपेक्षित प्रसाराचे बहुतेक ज्ञान एकेका रुग्णावरच्या छोट्या टिपणांतून गोळा झालेले आहे, आणि टिपण लिहिले जाते ते निदान झालेल्या रुग्णाचे. टीबीच्या गोळ्या घेत घेत गेलेला माणूस कुठल्याच टिपणात येत नाही. ‘दुर्मीळ’ हे विशेषण वाचताना हे ध्यानात ठेवायला हवे.

आता ज्यांच्याकडून काही अपेक्षा आहे त्यांच्याविषयी. मूत्राशयाची गाठ पहिल्यांदा खरवडून काढली की पॅथॉलॉजीचा अहवाल घरी येतो. नातेवाइकांनी त्यात एक ओळ शोधावी, ती म्हणजे तुकड्यात मूत्राशयाचा स्नायू आलेला आहे की नाही. ‘स्नायू दिसला नाही’ असे लिहिलेले असेल, तर आजार वरवरचा आहे ही खात्री अर्धवट आहे आणि दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा खरवडण्याबद्दल यूरोलॉजिस्टशी बोलायला हवे. वरवरचा म्हणून सोडून दिलेला आणि पुढे भलत्याच ठिकाणी उगवलेला आजार पुष्कळदा पहिल्यापासूनच खोल गेलेला असतो. मूळ अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड फाइलला लावून ठेवावे आणि पुढे कुठल्याही डॉक्टरकडे, मग तो दाताचा असो, डोळ्यांचा असो की हाडांचा, जाताना ते सोबत न्यावे. विचारले नाही तरी सांगावे.

डॉक्टर बंधुभगिनींना एवढेच की तपासणीच्या फॉर्मवरचा तो रकाना भरा. ‘२०२१ मध्ये मूत्राशयाचा कर्करोग, शस्त्रक्रिया व केमो झालेली’ हे लिहायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या अनेक पट वेळ ते न लिहिल्याने वाया जातो. प्रयोगशाळांनीही फॉर्ममध्ये ‘पूर्वीचा कर्करोग : होय / नाही, कुठला, कधी’ अशी वेगळी चौकट छापावी आणि ती कोरी असेल तर तुकडा स्वीकारतानाच खिडकीवरच्या माणसाने नातेवाइकांना विचारून ती भरून घ्यावी. याला कुठला निधी लागत नाही की शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

आणि ते मेणाचे ठोकळे. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांच्या लघवीत १९६७ साली रक्त आले होते; त्या वेळी तज्ज्ञांचे एकमत झाले नाही, १९७६ साली त्यांचे मूत्राशय काढावे लागले आणि जानेवारी १९७८ मध्ये ते याच आजाराने वारले. १९६७ सालच्या त्या लघवीतल्या पेशी जपून ठेवल्या होत्या म्हणून १९९४ साली संशोधकांना त्यांत कर्करोगाला आवर घालणाऱ्या पी-५३ जनुकातला तोच बिघाड सापडला, जो नंतर काढलेल्या गाठीत होता. आपल्याकडे जागा नाही म्हणून काचा आणि ठोकळे काही वर्षांत टाकून दिले जातात, किंवा पावसाळ्यात एखाद्या जिन्याखाली त्यांना बुरशी येते. नवी गाठ आली की तुलनेसाठी जुना तुकडा हवा असतो आणि तो नसला की पुन्हा सगळ्या चाचण्या, पुन्हा खर्च. रुग्णालय बंद होत असेल, डॉक्टर निवृत्त होत असतील किंवा आपण गाव सोडून मुलाकडे पुण्याला राहायला जाणार असू, तर लेखी अर्ज करून आपला ठोकळा मागून घ्यावा आणि कडक उन्हापासून दूर, कोरड्या डबीत, त्यावरचा क्रमांक न पुसता ठेवावा. अहवालावरचा क्रमांक आणि ठोकळ्यावरचा क्रमांक एकच आहे ना, हे घेतानाच तपासून घ्यावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विकृतिशास्त्रज्ञ, मिरज